कोल्हापुरातून लघुग्रह शोधायचा असेल तर: पहिल्या ठिपक्यापासून नावापर्यंत

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्यात, सूर्यापासून साधारण २.१ ते ३.३ खगोलीय एकक अंतरावर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), लाखो लघुग्रह फिरत आहेत. एकूण लघुग्रहांपैकी आठ लाखांहून जास्त लघुग्रहांना कायमचा क्रमांक मिळाला आहे, नाव मात्र सुमारे पंचवीस हजारांनाच आहे. या यादीत भर घालायला स्वतःची दुर्बीण लागत नाही. राजारामपुरीतल्या एखाद्या घरातला विंडोज संगणक आणि बरं इंटरनेट एवढ्यावर सुरुवात होते. लागते ती मोजायची चिकाटी. अंबाबाईच्या किरणोत्सवात किरण किती वाजता कुठपर्यंत पोहोचले हे मिनिटागणिक नोंदवणारं हे शहर आहे. तीच सवय इथे उपयोगी पडते.

एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये तिचा नेहमी घोळ होतो. ‘लघुग्रह शोधला’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या पायऱ्या लपलेल्या असतात. पहिली प्राथमिक नोंद: तुम्ही हलणारा ठिपका मोजून कळवला. दुसरी तात्पुरती संज्ञा: तो ठिपका दुसऱ्या रात्रीही सापडला आणि लघुग्रहांच्या जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरने त्याला वर्ष आणि अक्षरांची ओळख दिली. तिसरी कायमचा क्रमांक: कक्षा पक्की झाली. नाव ठेवायचा विषय क्रमांकानंतर निघतो. पहिली आणि तिसरी पायरी यांच्यात बरीच वर्षं जातात. विद्यार्थ्यांना आणि पालकांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

मोहिमेत नाव नोंदवणं

नवख्यांसाठी सर्वांत सरळ वाट म्हणजे आयएएससी ही आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोध मोहीम. अमेरिकेतल्या टेक्सासमधून ती चालते आणि तिला शुल्क नाही. हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावर पॅन-स्टार्स नावाची १.८ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिने घेतलेली छायाचित्रं मोहिमेतल्या गटांना वाटली जातात. एक मोहीम साधारण महिनाभर चालते. शाळा, महाविद्यालय किंवा हौशी मंडळ गट करून अर्ज करू शकतं.

गट तीन-चार जणांचा ठेवा. एकाने ठिपका शोधावा, दुसऱ्याने तोच ठिपका स्वतंत्रपणे मोजावा, तिसऱ्याने अहवाल वाचून पाहावा. दहा जणांचा गट केला की सगळे एका पडद्याकडे बघतात आणि मोजमाप कोणीच तपासत नाही. अर्ज करतानाच मोहिमेचे नियम पूर्ण वाचा. पुढे क्रमांक मिळाला तर नाव सुचवण्याचा मान कोणाचा, हे त्यात पाहून ठेवा. मायनर प्लॅनेट सेंटरच्या नोंदीत शोधाचं ठिकाण म्हणून दुर्बिणीचा संकेत लागतो. पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीचा संकेत एफ५१ आहे.

मोहीम पावसाळ्यात आली तरी बिघडत नाही. पंचगंगा पात्राबाहेर असली तरी हवाईतलं आकाश मोकळं असू शकतं. अडचण येते ती लाइट आणि नेटची. छायाचित्रं आली की लगेच उतरवून पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. अहवालाला मुदत असते, ती लाइट येण्याची वाट बघत थांबत नाही.

संगणकाची तयारी

मोजणीसाठी अ‍ॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर वापरतात. ते विंडोजवर चालतं. बसवल्यावर तीन गोष्टी क्रमाने करा.

मोहिमेने पाठवलेली सेटिंगची फाइल आधी जोडा. तिच्यात दुर्बिणीचं नाभीय अंतर, कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार आणि ठिकाणाचा संकेत असतो. ही फाइल चुकली तर सॉफ्टवेअरला छायाचित्रातले तारे आणि कॅटलॉगमधले तारे जुळवता येत नाहीत. नवखे बहुतेक इथेच अडकतात आणि छायाचित्राला दोष देतात.

मग ज्ञात लघुग्रहांच्या कक्षांची एमपीसीओआरबी फाइल ताजी करून घ्या. ती मोठी असते, मोबाइलच्या डेटावर उतरवायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक बैठकीआधी ती ताजी हवी. दोन महिन्यांपूर्वीची फाइल असेल तर मधल्या काळात नोंदलेले लघुग्रह तिच्यात नसतात आणि दुसऱ्याने आधीच शोधलेला ठिपका तुम्हाला नवा वाटतो.

शेवटी चारही छायाचित्रं काळाच्या क्रमाने उघडली आहेत का, ते पाहा. एका संचात आकाशाच्या त्याच तुकड्याची चार छायाचित्रं असतात, साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने घेतलेली. क्रम चुकला तर खरा लघुग्रहही पुढे-मागे उड्या मारताना दिसतो आणि तुम्ही तो सोडून देता.

ठिपका शोधणं

तारे जुळवून झाले की ज्ञात लघुग्रहांच्या खुणा पडद्यावर आणा आणि चारही छायाचित्रं एकामागून एक झपाझप दाखवणारं ब्लिंक सुरू करा. तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो.

सुरुवातीला नवा ठिपका शोधूच नका. आधी खूण केलेले ज्ञात लघुग्रह पाहा: ते किती सरकतात, कुठल्या दिशेने सरकतात, किती मंद दिसतात. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, मुख्य पट्ट्यातला लघुग्रह मिनिटाला साधारण ०.५ ते ०.७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो, आणि तोही पश्चिमेकडे, कारण आतल्या कक्षेतली पृथ्वी त्याला मागे टाकत असते. पॅन-स्टार्सच्या मूळ छायाचित्रात एक पिक्सेल जवळपास ०.२६ विकलांचा असतो. मिनिटाला ०.६ विकला धरल्या तर पंधरा मिनिटांत ९ विकला, म्हणजे सुमारे ३५ पिक्सेल. हा अंदाज डोळ्यात बसला की निम्मं काम झालं.

नवा ठिपका दिसला की तो या कसोट्यांवर घासून पाहा. चारही ठिकाणं एका सरळ रेषेत हवीत. छायाचित्रांमधलं वेळेचं अंतर सारखं असेल तर ठिपक्यांमधलं अंतरही सारखं हवं. दृश्यप्रत, म्हणजे तेजाचा आकडा (आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), चारही वेळा जवळपास तीच हवी. एका छायाचित्रात २०.५ आणि पुढच्यात २२ आली तर शंका घ्या. ठिपका शेजारच्या मंद ताऱ्यासारखा गोल आणि पसरट हवा. एसएनआर, म्हणजे ठिपक्याचा उजेड भोवतालच्या खरखरीच्या किती पट आहे तो आकडा, ५ च्या वर हवा. आणि ज्या कसोटीवर आमचा सर्वांत जास्त भरवसा आहे ती ही: त्याच छायाचित्रातल्या ज्ञात लघुग्रहांच्या वेगाशी आणि दिशेशी तुमच्या ठिपक्याचा मेळ बसतो का? मुख्य पट्ट्यातले शेजारी साधारण एकाच चालीने चालतात.

चाल फार वेगळी असेल तर दोन शक्यता उरतात. बहुतेक वेळा ती खरखर असते. पण चारही ठिपके नेटके, गोल आणि एका रेषेत असतील तर तो पृथ्वीजवळचा लघुग्रहही असू शकतो. अशा वेळी उशीर न करता त्याच दिवशी कळवा.

खोटे ठिपके

पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यांत खोटे पुष्कळ असतात. वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आदळला की एकाच पिक्सेलमध्ये टोकदार, चमकदार टिंब उमटतं आणि पुढच्या छायाचित्रात ते नसतं. बिघडलेला पिक्सेल कॅमेऱ्यात एकाच जागी असतो, पण दुर्बिणीचा रोख किंचित बदलला की ताऱ्यांच्या तुलनेत तो सरकल्यासारखा दिसतो. तेजस्वी ताऱ्याच्या भोवतीचे काटे आणि त्याच्या प्रतिबिंबांचे पुंजके यांतही खोटे ठिपके दडलेले असतात. छायाचित्राच्या कडेला आणि कॅमेऱ्याच्या चिपांमधल्या काळ्या पट्ट्यांजवळ तर विशेष सावध राहा.

तीनच छायाचित्रांत दिसणाऱ्या ठिपक्याचं काय करायचं? चौथ्यात तो ज्या जागी असायला हवा तिथे तारा किंवा काळी पट्टी आली असेल तर तो खरा असू शकतो. तिथे मोकळं आकाश असेल तर सोडून द्या. ‘पाठवून तर बघू’ म्हणून वीस शंकास्पद ठिपके पाठवणाऱ्या गटापेक्षा दोन पक्के पाठवणाऱ्या गटाचं काम मोलाचं. खोटा ठिपका तपासण्यात कोणाचा तरी वेळ जातोच.

अहवाल

ठिपक्यावर टिचकी मारली की सॉफ्टवेअर त्याचा मध्यबिंदू काढतं आणि विषुवांश आणि क्रांती (म्हणजे आकाशातली जागा), वेळ, दृश्यप्रत यांची एक ओळ तयार होते. चार छायाचित्रांच्या चार ओळी. चारही ओळींत वस्तूचं तात्पुरतं नाव अगदी तेच हवं आणि ते मोहिमेने सांगितलेल्या पद्धतीचं हवं. एका ओळीत शून्याऐवजी ओ पडला तर ती ओळ वेगळ्या वस्तूची धरली जाते.

टिचकी जवळच्या ताऱ्यावर तर पडली नाही ना, हे मोठं करून पाहा. मध्यबिंदू ताऱ्याकडे ओढला गेला तर ती एक ओळ रेषेबाहेर जाते. चारही ओळींतल्या जागांचा सरळ रेषेपासूनचा फरक ०.३ विकलांच्या आत राहिला तर मोजणी चांगली. अहवालाची फाइल हाताने दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. तिच्यातला प्रत्येक रकाना ठरावीक जागी असतो आणि एक मोकळी जागा वाढली तरी पुढचे आकडे दुसऱ्याच रकान्यात जातात.

दुसरी रात्र

इथे लघुग्रहाचं भवितव्य ठरतं. एका रात्रीतल्या नोंदीवरून कक्षा निघत नाही. हिशेब करून पाहा: तासाभरातल्या मोजणीत ०.३ विकलांची चूक असेल तर चोवीस तासांनी जागेच्या अंदाजात सात विकलांची, आठवड्याने पन्नास विकलांची चूक होते, आणि त्यात मार्गाचा बाक धरलेलाच नाही. तोवर लघुग्रह रोज साधारण १४ कला (एक कला म्हणजे ६० विकला), म्हणजे पूर्ण चंद्राच्या जवळपास निम्म्या रुंदीइतका, पुढे गेलेला असतो.

पहिल्याच लघुग्रहाच्या बाबतीत हे घडलं होतं. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोहून जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस दिसला. फेब्रुवारीपर्यंतच त्यांना नोंदी घेता आल्या, मग तो सूर्याच्या तेजात हरवला. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी थोड्या नोंदींवरून कक्षा काढण्याची रीत बसवली, तेव्हा वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. (सेरेसला आता बटुग्रह म्हणतात.)

आज हे काम मायनर प्लॅनेट सेंटर करतं. एकाच रात्री दिसलेल्या नोंदी ते वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवतं. दुसऱ्या रात्रीची नोंद जुळली की तात्पुरती संज्ञा मिळते. शोधाचं श्रेय ठरवतानाही दुसऱ्या रात्रीची नोंद आधी कोणी कळवली याला महत्त्व असतं.

पंधरवड्याची संज्ञा वाचायला शिका

पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह मुख्य पट्ट्यातलाच आहे. त्याची तात्पुरती संज्ञा २००६ व्हीपी३२. वर्षानंतरचं पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं: ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे १६ ते ३१ जानेवारी, आणि आय हे अक्षर गाळून वायपर्यंत चोवीस पंधरवडे. हे पंधरवडे तारखांचे आहेत, तिथींचे नाहीत. व्ही म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर, आणि हा लघुग्रह ११ नोव्हेंबरला सापडला होता. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम सांगतं. आय सोडून पंचवीस अक्षरं, त्यांत पी पंधरावं. पंचवीस संपले की अक्षरं पुन्हा सुरू होतात आणि मागचा आकडा किती फेऱ्या झाल्या ते सांगतो. ३२ गुणिले २५ म्हणजे ८००, अधिक १५. म्हणजे त्या पंधरवड्यातली ती ८१५ वी नोंद. मुलांकडून पाच-सहा संज्ञा अशा सोडवून घ्या, पुढची यादी त्यांना आपोआप वाचता येते.

क्रमांकाची वाट

मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाला क्रमांक मिळायला साधारण चार प्रतियुतींमधल्या नोंदी लागतात. २.७ खगोलीय एककांवरचा लघुग्रह सूर्याभोवती सुमारे साडेचार वर्षांत फिरतो आणि त्याची प्रतियुती दर साडेपंधरा महिन्यांनी येते. चार प्रतियुती म्हणजे मधले तीन टप्पे, जवळपास चार वर्षं. कधी चंद्रप्रकाश आडवा येतो, कधी लघुग्रह आकाशगंगेच्या गर्दीत असतो, त्यामुळे काळ लांबतो. उलट, जुन्या छायाचित्रांच्या साठ्यात तोच ठिपका आधीच्या वर्षांत सापडला तर काळ वाचतोही.

दरम्यान गटातली मुलं शाळा सोडून गेलेली असतात. म्हणून शाळेने एक वही ठेवावी: संज्ञा, तारीख, मोजणाऱ्यांची नावं, मोहिमेचा अहवाल. दर सहा महिन्यांनी मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर ती संज्ञा टाकून पाहावी. कधी असंही दिसेल की तुमची संज्ञा दुसऱ्या जुन्या संज्ञेत विलीन झाली, म्हणजे तो लघुग्रह आधी कोणीतरी पाहिला होता. असं होतच असतं, मोजणी तरीही वाया जात नाही. ती कक्षेत धरली जाते.

स्वतःची दुर्बीण असेल तर

घरच्या आठ-दहा इंची दुर्बिणीतून नवा मुख्य पट्ट्यातला लघुग्रह सापडण्याची आशा धरू नका. तेवढे उजळ लघुग्रह सर्वेक्षणांनी केव्हाच टिपले आहेत. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने तर २०२५ साली पहिल्या दहाएक तासांच्या छायाचित्रांतच २,१०४ नवे लघुग्रह दाखवले. पण ज्ञात लघुग्रहांची अचूक मोजणी करून वेधशाळेचा तीन अक्षरी संकेत मिळवणं कोल्हापुरातून शक्य आहे, आणि आमच्या मते हौशी मंडळांनी हेच ध्येय ठेवावं.

१००० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर २०६.२६५ गुणिले ३.७६ भागिले १०००, म्हणजे पिक्सेलमागे ०.७८ विकला पडतात. मुख्य पट्ट्यासाठी ६० सेकंदांचं छायाचित्र चालतं, तेवढ्यात लघुग्रह अर्ध्या विकलेच्या आसपासच सरकतो. क्रमांकित लघुग्रह निवडा, किमान दोन रात्री मोजा आणि चूक एका विकलेच्या आत आणा. ठिकाणाचे अक्षांश, रेखांश, उंची जीपीएसवरून घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक घड्याळाची. नोंद जागतिक वेळेत द्यायची असते आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे आहे. हे वजा करायचं राहिलं तर ३३० मिनिटांत लघुग्रह २०० विकला दूर दाखवला जातो आणि अख्खी रात्र बाद होते. एक सोय मात्र आहे: आपल्याकडची मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत जागतिक तारीख आदल्या संध्याकाळचीच राहते. वेळ छायाचित्राच्या मध्याची द्या.

आकाश ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. त्या दिवसांत प्रतियुतीचा भाग वृषभ-मिथुनेच्या आसपास असतो आणि कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला असल्यामुळे तो जवळपास डोक्यावरून जातो. पण हाच गळिताचा हंगाम. पाचट पेटवल्याचा धूर आणि नदीकाठचं पहाटेचं धुकं यांनी मंद ठिपके गिळले जातात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या दिव्यांपासून दूर, पन्हाळ्याच्या बाजूला किंवा गगनबावड्याकडे जाणं बरं. दव पडतंच, दुर्बिणीच्या तोंडाला गरम पट्टा बांधा. गगनबावडा-राधानगरी भागात रात्री रस्त्यावर गवे येतात, उशिरा एकट्याने परतू नका.

नाव

क्रमांक मिळाल्यावर शोधकर्त्याला नाव सुचवायला दहा वर्षं असतात. निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा नामकरण गट घेतो. याला पैसे लागत नाहीत. पैसे घेऊन तारा किंवा लघुग्रह नावावर करून प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या कागदाला खगोलशास्त्रात काहीही किंमत नाही.

नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, मधली मोकळी जागा धरून. शक्यतो एकच शब्द, उच्चारता येणारा, कोणाला न दुखावणारा. स्वतःचं नाव नाही, व्यापारी नाव नाही, पाळीव प्राण्याचं टाळावं. राजकीय किंवा लष्करी व्यक्ती असेल तर मृत्यूला शंभर वर्षं झालेली हवीत.

कोल्हापूरच्या नावांवर हे लावून पाहा. राजर्षी शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ रोजी झालं, म्हणजे शंभर वर्षांची अट पूर्ण झाली आहे. पण ‘छत्रपती शाहू’ रोमनमध्ये १७ अक्षरांचं होतं, एका अक्षराने अडतं. ‘राजर्षी शाहू’ १४ मध्ये बसतं. खाशाबा जाधव किंवा बाबूराव पेंटर यांना शंभर वर्षांची अट लागूच नाही. ‘बाबूराव पेंटर’ १५ अक्षरांचं, ‘खाशाबा’ आठांत होतं.

त्यानंतर आधीच्या नावांची यादी तपासा, कारण फार सारखं नावही चालत नाही. गणेश २४१५ क्रमांकावर आहे, शिव ११७० वर. कवलूरच्या वेधशाळेतून १९८८ साली सापडलेल्या ४१३० ला रामानुजन यांचं नाव आहे. मद्रासहून पॉगसन यांनी १८६१ साली शोधलेल्या ६७ ला ‘एशिया’ म्हणतात. एकाच नावाची रोमनमधली वेगवेगळी स्पेलिंगं टाकून शोधा.

नावासोबत इंग्रजीत तीन-चार ओळींचा परिचय द्यावा लागतो. त्यात विशेषणं नकोत. व्यक्ती कोण, कुठली, काय केलं, जन्म-मृत्यूची वर्षं, एवढंच. ‘थोर’, ‘अजरामर’ हे शब्द आधी खोडा. जागा वाचेल आणि कामाचा एखादा तपशील जास्त बसेल. हयात व्यक्ती असेल तर तिला विचारून घ्या.

जसराजांचा लघुग्रह २००६ साली सापडला आणि त्याला नाव २०१९ साली मिळालं. क्रमांक ३००१२८ हा त्यांची २८-०१-३० ही जन्मतारीख उलटी लिहिल्यासारखा आहे. मंजूर नावं नामकरण गटाच्या बुलेटिनमध्ये छापून येतात. तुमचं नाव त्यात दिसेपर्यंत वर्तमानपत्राला बातमी देऊ नका. तोवर वहीत आणि बोलण्यात फक्त क्रमांक वापरा.